स्लाव्ह गढीचा तट कसा वाचायचा

सुरुवातीच्या मध्ययुगातल्या तटबंद स्लाव्ह वस्त्यांना इंग्रजीत ‘हिलफोर्ट’ म्हणतात, आणि या शब्दामुळे पहिला गैरसमज होतो. टेकडी, कडा, दगडी बुरूज असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात पोलंड आणि पूर्व जर्मनीतल्या अशा कितीतरी जागा दलदलीत, तलावाच्या बेटावर किंवा नदीच्या पूरमैदानात आहेत. पोलिश भाषेत त्यांना ‘ग्रुद’ म्हणतात, चेक भाषेत ‘ह्रादिश्त्ये’, जर्मनमध्ये ‘बुर्गवाल’. मराठीत ‘गढी’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो: माती आणि लाकडाचा जाड तट, आत दाट वस्ती, बाहेर खंदक.

या गढ्या कशा बांधत, याचं समकालीन वर्णन उपलब्ध आहे. तोर्तोसाचा ज्यू प्रवासी इब्राहिम इब्न याकूब ९६५ च्या सुमारास मध्य युरोपात फिरला. त्याचा वृत्तान्त पुढे अकराव्या शतकातला भूगोलकार अल-बक्री याच्या ग्रंथातून टिकला. तो सांगतो की स्लाव्ह लोक पाणी आणि झाडी भरपूर असलेलं कुरण निवडतात, हवा तेवढा गोल किंवा चौकोनी भाग आखतात, भोवती खणतात आणि निघालेली माती फळ्या-लाकडांनी पक्की करत रचत जातात. दरवाजा हव्या त्या बाजूला ठेवतात आणि तिथे लाकडी पुलावरून जाता येतं. उत्खननात याच गोष्टी उलट क्रमाने सुट्या करायच्या असतात. आधी ढासळलेली माती, मग जळलेली किंवा कुजलेली लाकडं, मग रचलेला भराव आणि सगळ्यांत खाली, तट उभारण्यापूर्वी जिथे गवत उगवत होतं ती जमीन.

या सगळ्यात तट हाच मुख्य दस्तऐवज आहे आणि सर्वांत जास्त चुका तटाचाच छेद, म्हणजे कापलेल्या भिंतीत दिसणारे थर, वाचताना होतात. म्हणून इथे भर तटावर आहे.

खणण्याआधीची कामं थोडक्यात सांगतो. जंगलातली गढी लायडारवर, म्हणजे विमानातून लेसरने केलेल्या जमिनीच्या मोजणीवर, स्वच्छ दिसते. नांगराने सपाट झालेल्या गढीच्या तटाचा अर्ध्या मीटरचा उंचवटासुद्धा त्यावर कळतो. अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या ओळींनी केलेलं चुंबकीय सर्वेक्षण जळलेला तट, चुली आणि भरलेले खड्डे ठळक दाखवतं, न जळलेलं लाकूड मात्र दाखवत नाही. त्यासाठी हाताने फिरवायचा गिरमिट लागतो. तटाला आडवी एक रेष धरून दर २ ते ५ मीटरवर नमुना काढला की भराव किती जाड आहे, दलदलीची काळी पीट माती कुठून सुरू होते आणि भूजल कुठे लागतं ते समजतं. भूजलाची ही रेष फार महत्त्वाची आहे. तिच्या वर लाकडाचा फक्त डाग उरतो. तिच्या खाली हजार-अकराशे वर्षांपूर्वीचं ओकचं लाकूड कुऱ्हाडीच्या घावांसह सापडू शकतं. लाकूड मिळणार असेल तर ते कुठे ठेवायचं आणि त्यावर प्रक्रिया कोण करणार हे पहिलं फावडं मारण्याआधी ठरलेलं हवं. तशी सोय नसेल तर तो भाग उघडू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता तट कापण्याकडे येऊ. चर तटाला काटकोनात घ्यायचा. त्याची लांबी तटाच्या आतल्या पायथ्यापासून किमान ५ मीटर आत ते खंदकाच्या बाहेरच्या काठापलीकडे, अशी. अर्ध्यातच थांबलेला चर पुढे त्रास देतो, कारण तट आणि खंदक यांचं नातं दोन्ही एकाच छेदात दिसले तरच कळतं. रुंदीत काटकसर करू नये. वालुकामय भरावात सव्वा मीटरहून खोल सरळ उभी भिंत कोसळू शकते, म्हणून पायऱ्या ठेवाव्या लागतात. समजा तट ५ मीटर उंच आहे आणि तळाशी ३ मीटर रुंद जागा हवी आहे. दर सव्वा मीटरला १ मीटर रुंदीची पायरी धरली तर प्रत्येक बाजूला तीन पायऱ्या, म्हणजे वरची रुंदी ९ मीटर. हा हिशेब आधी मांडला नाही तर खाली पोहोचेपर्यंत कामाला जेमतेम एक माणूस मावेल एवढीच जागा उरते. आणि नेमके सर्वांत मोलाचे थर तिथेच असतात.

यंत्र फक्त वरच्या नांगरटीच्या २५-३० सेंटिमीटर मातीसाठी वापरावं, तेही दाते नसलेल्या सपाट बकेटचं. पुढचं सगळं हाताने.

तटाच्या पोटात लाकडाची रचना साधारणपणे काही ठरलेल्या प्रकारांची असते. सर्वांत जास्त आढळते ती जाळीची रचना: ओंडक्यांचा एक थर तटाच्या लांबीला समांतर, त्यावरचा आडवा, मधे माती, पुन्हा तसंच. पेटी-रचनेत लाकडी चौकोनी खाने करून त्यात माती किंवा दगड भरतात. पोलंडच्या पिआस्त राजांच्या गढ्यांत आकड्याची रचना प्रसिद्ध आहे. तिथे आडव्या ओंडक्याच्या टोकाशी फांदीचा बेचका मुद्दाम ठेवलेला असतो. तो लांबीच्या ओंडक्याला अडकतो आणि तट बाहेर फुगू देत नाही. पोझ्नानचा तट पायथ्याशी सुमारे २० मीटर रुंद आणि सुमारे १० मीटर उंच होता असा अंदाज आहे. एवढी माती तोलून धरायची तर अशी युक्ती लागतेच. आजच्या चेकियातल्या मोराव्हियात आणि बोहेमियात बाहेरच्या बाजूने चुन्याशिवाय रचलेली दगडी भिंत दिसते. ब्रेत्स्लाव्हजवळच्या पोहान्स्कोला सुमारे २ किलोमीटर लांबीच्या तटाने २८ हेक्टर जागा वेढली आहे आणि तटाला बाहेरून दगड आहे. पूरमैदानात दगड मिळत नाही, म्हणजे तो सगळा बाहेरून आणलेला.

अशी दगडी भिंत बहुधा पुढे खंदकाकडे कोसळलेली सापडते. ते दगड ‘पडझड’ म्हणून टाकून देऊ नयेत, मोजावेत. तटाच्या एक मीटर लांबीमागे दीड घनमीटर दगड निघाला आणि भिंतीची जाडी ६० सेंटिमीटर असेल, तर मूळ उंची सुमारे अडीच मीटर येते. त्यात जागेवर उभा असलेला भाग मिळवायचा. नंतरच्या काळात गावकऱ्यांनी दगड उचलून नेला असेल तर हा आकडा किमान उंची दाखवतो, त्याहून जास्त काही नाही.

जाळीची रचना वाचताना नेहमीची चूक म्हणजे केवळ उभ्या छेदावर विसंबणं. छेद दोन आडव्या ओंडक्यांच्या मधून गेला तर भिंतीत लांबीच्या ओंडक्यांचे फिकट गोल डाग सोडले तर स्वच्छ वाळूच दिसते आणि अहवालात ‘तटात लाकूड नाही’ असं लिहिलं जातं. छेद नेमका एका ओंडक्याच्या लांबीवरून गेला तर तोच काळा पट्टा जुना जमिनीचा थर वाटतो. म्हणून चराची एक बाजू छेदासाठी राखायची आणि बाकीचं १० ते २० सेंटिमीटरच्या टप्प्यांनी सपाट खाली न्यायचं. प्रत्येक टप्प्यावर वरून छायाचित्र आणि आराखडा. लांबीचे ओंडके आराखड्यात समांतर पट्टे म्हणून दिसतात आणि छेदात गोल डाग म्हणून, आडव्यांचं उलट. दोन्ही जुळले तरच रचना सिद्ध होते. कुजलेल्या लाकडाचा डाग माती सुकली की तासाभरात दिसेनासा होतो, त्यामुळे हाताशी पाण्याचा फवारा हवा आणि भर दुपारच्या उन्हात छायाचित्रं घेऊ नयेत.

जळलेला तट दिसला की लगेच ‘हल्ला’ असं लिहायचा मोह होतो. तटाच्या आतली लाकडं कोंडलेल्या हवेत कितीतरी वेळ धुमसत राहतात. जिथे हवा पोहोचली तिथे माती विटेसारखी लाल, जिथे नाही तिथे राखाडी-काळी. हा रंगांचा नकाशा आग कुठून कुठे गेली ते सांगतो, पण कोणी लावली ते सांगत नाही. आतली घरं पेटून तट जळू शकतो. सोडून दिलेली गढीही जळू शकते. आधी राख कोणत्या थरावर पसरली आहे ते पाहावं. आगीनंतर तटाच्या आतल्या उतारावर ताबडतोब दुरुस्तीची माती टाकली आहे की गाळ हळूहळू साचला आहे? दुरुस्ती असेल तर वस्ती चालू राहिली, नुसता गाळ असेल तर बहुधा संपली.

आता खापरांचा प्रश्न. तटाच्या भरावात खापरं हमखास सापडतात. त्यावरून तटाचा काळ ठरवणं धोक्याचं आहे. भरावाची माती कुठून आली याचं उत्तर बहुतेक वेळा खंदकाच्या मापात असतं. खंदकाच्या छेदाचं क्षेत्रफळ काढा, तटाच्या भरावाचं काढा. तटात खंदकापेक्षा बरीच जास्त माती भरत असेल, तर उरलेली गढीच्या आतून किंवा आसपासच्या जुन्या वस्तीवरून खरवडून आणलेली असणार. तिच्यासोबत जुन्या वस्तीची खापरंही तटात गेली. म्हणून खापरांचे तीन वेगळे गट करावेत: तटाखालच्या जुन्या जमिनीवरची, भरावातली आणि पडझडीवरची. पहिला गट तटाच्या आधीचा. तिसरा गट नुसता ‘नंतर सापडला’ म्हणून नंतरचा ठरत नाही, कारण पडझड म्हणजे तोच भराव खाली आलेला. दुसरा गट तर फक्त एवढंच सांगतो की तट यातल्या सर्वांत नव्या खापराहून जुना नाही. पिशव्यांवर थराचा क्रमांक न लिहिता नुसतं ‘तट’ लिहिलं की ही सगळी माहिती कायमची गेली.

हा मुद्दा किरकोळ नाही. पूर्व जर्मनीत लाउझिट्समधल्या टोर्नोची गढी खुल्या कोळसा खाणीत जाणार होती, म्हणून १९६० च्या दशकात योआखिम हेरमान यांनी ती जवळजवळ पूर्ण खणली. काम मोठं आणि काळजीपूर्वक होतं. पण गढीची सुरुवात त्यांनी सातव्या शतकापर्यंत मागे नेली. पुढे या भागातल्या अशा गढ्यांच्या ओकच्या लाकडांची वाढवलयं (झाडात दरवर्षी एक अशी वाढणारी वलयं) मोजली गेली आणि बांधकामं नवव्या शतकाच्या अखेरीपासून दहाव्या शतकापर्यंतची निघाली. फरक दोनशेहून जास्त वर्षांचा! त्याने इतिहासाचा अर्थच बदलतो. सातव्या शतकातल्या गढ्या असत्या तर तिथे लवकर रुजलेली स्थानिक सरदारशाही मानावी लागली असती. दहाव्या शतकातल्या असल्यामुळे त्यांच्याकडे पूर्वेकडे सरकणाऱ्या सॅक्सन सत्तेच्या काळातली बांधकामं म्हणून पाहावं लागतं. ९२८-९२९ च्या हिवाळ्यात सॅक्सन घराण्यातला जर्मन राजा पहिला हेन्री याने हेवेली या स्लाव्ह जमातीचं ब्रांडेनबुर्ग घेतलं, तो हाच काळ.

वाढवलयांनी काळ मोजायचा तर नमुना नीट घ्यायला हवा. ओकची ५ ते १० सेंटिमीटर जाडीची चकती, गाठी टाळून, जिथे वलयं सर्वांत जास्त आहेत तिथून. किमान ५० वलयं असावीत. २० वलयांच्या फांदीचा फारसा उपयोग होत नाही. सर्वांत नाजूक असतो तो बाहेरचा काठ. सालीलगतचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं, कधी कधी ऋतूही. साल गेली पण बाहेरचं फिकट कच्चं लाकूड उरलं असेल, तर मध्य युरोपातल्या ओकसाठी त्याची साधारण १० ते ३० वलयं धरून अंदाज बांधतात. नुसता गाभा उरला असेल तर हाती येतं ते ‘या वर्षानंतर केव्हातरी’. म्हणून चकती कापण्याआधी काठ प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याने गुंडाळून घ्यावा. पाण्यात भिजलेलं बाहेरचं लाकूड बोट लागलं तरी निघून येतं. बांधकामाच्या एका टप्प्यातून एकच नमुना घेणं म्हणजे जुगार आहे. जुना ओंडका पुन्हा वापरलेला असू शकतो आणि दुरुस्तीत नवा घुसडलेलाही असू शकतो. दहा-बारा नमुन्यांत एकाच वर्षाभोवती घोळका दिसला, की त्या वर्षी बांधकाम झालं असं म्हणता येतं. पोलंडमधल्या ग्नेझ्नोचा तट ९४० च्या सुमाराचा, ओस्त्रूव्ह लेद्नित्स्की बेटाला पोझ्नानच्या दिशेने जोडणारा पूल ९६३-९६४ मधल्या लाकडांचा, ही वर्षं अशीच हाती आली आहेत. पोलंडचा पिआस्त राजा मिएश्को पहिला याच्या ९६६ मधल्या बाप्तिस्म्याच्या अगदी तोंडावर तो पूल उभा राहत होता.

लाकूड नसेल तर कार्बन-१४ कडे वळावं लागतं. तिथे ओकचा कोळसा पाठवू नये: शंभर-दीडशे वर्षांच्या झाडाच्या गाभ्याचा काळ हा आगीचा काळ नसतो. जळलेलं धान्य पाठवावं, ते एका वर्षाचं असतं. तरीही आठव्या-नवव्या शतकांत मापनवक्र (कार्बनच्या मोजणीचं वर्षांत रूपांतर करणारा आलेख) सपाट असल्यामुळे उत्तर शंभराहून जास्त वर्षांच्या पट्ट्यात येतं. अपवाद एकच. ७७४-७७५ मध्ये वातावरणातलं कार्बन-१४ अचानक वाढलं, हे २०१२ मध्ये जपानी देवदारांच्या वलयांवरून उघडकीस आलं. त्या वर्षाचं वलय एखाद्या ओंडक्यात असेल तर प्रत्येक वलय वेगळं तपासून ते ओळखता येतं आणि तिथून बाहेरच्या काठापर्यंत मोजलं की वर्ष मिळतं.

भिजलेलं लाकूड उघडं पडलं की घड्याळ सुरू होतं. कडक उन्हात काही तासांत ते आकसतं, तडकतं आणि पुन्हा मूळ आकारात येत नाही. लोखंडी थापी बाजूला ठेवून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने आणि हाताने माती काढायची. त्यावर ओला स्पंज, वर काळं प्लास्टिक, दर थोड्या वेळाने पाणी. प्रत्येक फळीला जागेवर असतानाच प्लास्टिकची चिठ्ठी. उचलताना खाली पाट सरकवायचा, दोन टोकांना धरून उचललं तर मधून मोडते. साठवण थंड, अंधाऱ्या पाण्यात. पुढे पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या द्रव्यात मुरवणं महिने, मोठ्या ओंडक्यांना वर्षं घेतं. एक गोष्ट नेहमी विसरली जाते: चर कोरडा ठेवायला पंप लावला की शेजारच्या न खणलेल्या भागाचंही पाणी उतरतं. तिथलं लाकूड कोणी न पाहताच कुजायला लागतं. म्हणून पाणथळ चर शक्य तितका कमी दिवस उघडा ठेवावा.

हे सगळं नीट सांभाळलं तर काय मिळतं ते उत्तर जर्मनीत मेक्लेनबुर्गमधल्या ग्रोस राडेनला दिसतं. एवाल्ड शुल्ट यांनी १९७३ ते १९८० या काळात तलावाकाठची ती वस्ती खणली. चिखलात घरांच्या विणलेल्या भिंती, फळ्यांचे रस्ते आणि एका मंदिराच्या भिंतीच्या फळ्या टिकल्या होत्या. त्या फळ्यांची वरची टोकं माणसाच्या डोक्यासारखी कोरलेली होती. कोरड्या वाळूत असं मंदिर म्हणजे एका आयताचा फिकट डाग.

गढीच्या आतल्या भागाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. जमिनीत अर्धवट खोदलेली, साधारण ३ ते ४ मीटर बाजूची चौकोनी घरं अनेक ठिकाणी असतात, कोपऱ्यात दगडी चूल. असं घर चार भागांत वाटून कर्णाने समोरासमोरचे दोन भाग आधी काढायचे, म्हणजे दोन दिशांचे छेद मिळतात. घराच्या खड्ड्यातली बहुतेक खापरं घर सोडल्यानंतर टाकलेल्या कचऱ्यातली असतात. घराचा वापर सांगते ती फक्त जमिनीलगतची ४-५ सेंटिमीटर माती आणि चुलीखालचा थर. तेवढा भाग वेगळा काढून पूर्ण चाळावा. तटासारखीच इथेही चूक होते ती भराव आणि वापर यांची गल्लत करण्याची.

दुसरी गोष्ट चाळणीची. ४ मिलिमीटरच्या जाळीतून हाडं, मणी, चात्या मिळतात. वरी जातीचं बारीक मिलेट, जे या लोकांच्या मुख्य धान्यांपैकी एक होतं, त्यातून सरळ खाली पडतं. प्रत्येक थरातून १० ते २० लिटर माती वेगळी ठेवून ती पाण्यात तरंगवावी आणि वर आलेलं ०.३ मिलिमीटरच्या जाळीवर धरावं. हे केलं नाही की अहवालात गहू-राईच दिसतात आणि लोक काय खात होते याचं चित्र चुकतं. माशांचे खवलेही असेच हरवतात.

खणणं संपलं तरी नोंदी उरतात आणि त्यांचं रक्षण वस्तूंइतकंच अवघड असतं. मोराव्हियातल्या मिकुलचित्सेला १९५४ पासून योसेफ पोउलीक यांच्या नेतृत्वाखाली खणलेल्या महामोराव्हियन (नवव्या शतकातल्या स्लाव्ह राज्याच्या) केंद्रात डझनभराच्या आसपास चर्चचे पाये आणि दोन हजारांहून जास्त दफनं निघाली. २००७ मध्ये तिथल्या संशोधन तळाला आग लागली आणि वस्तू व कागदपत्रांचा मोठा साठा जळाला. आराखडे, थरपत्रं आणि छायाचित्रांच्या प्रती दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या शहरात ठेवाव्यात. खापरं आणि नमुन्यांची प्रत काढता येत नाही, म्हणून प्रत्येक वाढवलय-चकतीचा एक तुकडा वेगळ्या ठिकाणी राखून ठेवावा.

शेवटी चर बुजवायचा. छेदाच्या भिंतींवर आणि तळाशी भू-वस्त्र (मातीत टिकणारं कृत्रिम धाग्यांचं कापड) लावावं म्हणजे जुनी आणि नवी माती मिसळत नाही. माती थराथराने, दाबत टाकावी. एकदम ढकलली तर दोन-तीन हिवाळ्यांत खड्डा पडतो आणि उरलेला तट त्यात घसरतो. चराच्या कोपऱ्यांचे निर्देशांक नोंदवावेत. आणि तळाशी, भू-वस्त्राच्या वर, त्या वर्षाचं एक नाणं ठेवावं. पन्नास वर्षांनी कोणी तिथेच पुन्हा चर घेतला, तर आपलं खणणं कुठे थांबलं हे त्याला लगेच कळेल.